रिबनचा पुष्पगुच्छ : कृती आणि किंमत

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने फुलांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. फुलांचा विषय कवितेच्या पानांवर शोभतो, जमाखर्चाच्या नाही. पण गेल्या मे महिन्यात मी आणि माझ्या मावशीने एका लग्नासाठी रिबनच्या फुलांचा गुच्छ केला, आणि त्या एका गुच्छाने मला परिव्यय लेखांकनाचा जो धडा शिकवला तो वर्गात शिकूनही नीटसा उमजला नव्हता. म्हणून प्रस्तुत लेखात आधी कृती आणि मग किंमत, अशा क्रमाने लिहिते. ज्यांना नुसता गुच्छ करायचा आहे त्यांनी पहिला भाग वाचावा. मात्र दुसरा भाग वाचल्याशिवाय तो कुणाला विकू नये, एवढी विनंती आहे.

थोडी ओळख करून देते. माझे शालेय शिक्षण भालकीला मराठी माध्यमात झाले. घरी आई कन्नड बोलते, वडील मराठी. आमचा बीदर जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानच्या प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना हैदराबाद अजून परगाव वाटत नाही. माझी मावशी काचीगुड्यात राहते आणि शिक्षणासाठी मी तिच्याकडे असते. मावशी गेली बरीच वर्षे रिबनची फुले करते. काही ओळखीच्यांना रुखवतासाठी, काही एका दुकानासाठी डझनावर.

गुच्छाचे निमित्त

आपल्या लग्नांत वधूच्या हाती गुच्छ नसतो. आपल्याकडे मुंडावळ्या, हार, वेणी, गजरा. कन्नड घरांत बासिंग, मराठीत तेच बाशिंग. हातात फुलांचा गुच्छ धरून चालण्याची रीत ख्रिस्ती विवाहातली. आमच्या शेजारचे कुटुंब मूळचे जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती. त्यांच्या मुलीचे लग्न मे महिन्यात सिकंदराबादच्या चर्चमध्ये ठरले. ती मला मोठ्या बहिणीसारखी, म्हणून मी तिला ताईच म्हणते.

ताई एका संध्याकाळी आली आणि मावशीला म्हणाली, "काकू, मेच्या उन्हात खरी फुलं चर्चपर्यंत जातील, पण फोटो काढेपर्यंत माना टाकतील. तुम्ही रुखवताला करता तशी रिबनची फुलं मला कराल का? मला तो गुच्छ जपून ठेवायचाय."

मावशी लगेच हो म्हणाली. "किती द्यायचे?" असे ताईने विचारले तेव्हा मावशीने क्षणभर छताकडे पाहिले आणि "पाचशे दे," म्हणाली. तो आकडा तिने कुठून आणला हे मला त्या वेळी कळले नाही. तिलाही कळले नव्हते, हे पुढे ध्यानात आले.

सामानाची निवड

रिबन घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे नाव आहे. या विणीत उभे धागे बऱ्याच आडव्या धाग्यांवरून सलग जातात, मध्ये क्वचितच अडकतात. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि उजेड एकसारखा परततो. हीच सॅटिनची चमक. पूर्वी सॅटिन रेशमाचे असे. आज बाजारात मिळणारी स्वस्त सॅटिन रिबन बहुधा पॉलिएस्टरची असते. आपल्या कामाला पॉलिएस्टरच बरी, कारण तिची कापलेली कड मेणबत्तीवर वितळून बंद करता येते. खात्री करायची असेल तर एक धागा काढून जाळून पाहावा. पॉलिएस्टर आकसून वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडली जाते. सुती धागा कागदासारखा जळतो.

खरेदीसाठी आम्ही चारमिनारच्या बाजूला गेलो. लाड बाजार बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्या परिसरात गोटा, किनार, जरी, मोती असे लग्नाचे सारे सामान मिळते. आम्ही दहा-दहा मीटरची पाच रिळे घेतली : दीड इंची मोतिया रंगाची दोन, एक इंची फिकी गुलाबी एक, एक इंची हिरवी एक आणि अर्धा इंची पांढरी एक. शिवाय पातळ आणि जाड अशी दोन प्रकारची तार, देठाला गुंडाळायची हिरवी चिकटपट्टी, दोरा, मोती आणि टाचण्या.

इथे माझी एक चूक झाली. मोतिया रंगाची दोन रिळे मी ट्यूबलाइटच्या उजेडात पसंत केली. घरी गच्चीवर नेऊन पाहिली तर एक किंचित पिवळसर. दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेला माल असा फरक दाखवतो. परत जाण्याची सोय नव्हती. मावशीने तोड काढली : फिका रंग मध्यभागी आणि गडद रंग बाहेरच्या ओळीत. पाहणाऱ्यांना ती मुद्दाम केलेली रचना वाटली. तरी वाचकांनी रिबन दुकानाबाहेर उन्हात आणून पाहावी, हे उत्तम.

कृती

मावशी फूटपट्टी वापरत नाही. गजरा विकणाऱ्या बायका कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माप धरतात, ते तिचे माप. मराठीत आपण त्याला हात म्हणतो, कन्नडात मोळ, तेलुगूत मूर. मी मोजून पाहिले, मावशीचा एक मोळ पंचेचाळीस सेंटिमीटर भरला. मोठ्या गुलाबाला दोन मोळ, कळीला एक मोळ.

गुलाब (15) : दीड इंची रिबन नव्वद सेंटिमीटर कापा. जाड तारेचे टोक आकड्यासारखे वाकवा. रिबन आडवी धरा, उजवे टोक तिरके खाली दुमडा, धरायला चार बोटे शेपूट ठेवा. तारेचा आकडा दुमडीत अडकवून तीन वेढे घट्ट गुंडाळा. हा फुलाचा गाभा. बुडाशी दोन टाके घाला. आता उरलेली रिबन मागच्या बाजूला तिरकी दुमडा आणि गाभा त्या तिरक्या घडीवरून फिरवत न्या. घडी संपून रिबन सरळ झाली की एक पाकळी पूर्ण झाली. बुडाशी टाका, पुन्हा घडी. गाभ्याजवळ हात घट्ट, बाहेर जाताना सैल. सगळीकडे सारखा जोर लावला तर गुलाबाऐवजी कोबी होतो. माझे पहिले दोन कोबीच झाले. शेवटचे टोक खाली वळवून शिवून टाका आणि बुडाला हिरवी पट्टी ताणून गुंडाळा.

कळ्या (10) : एक इंची गुलाबी रिबन एक मोळ, पद्धत तीच, पण घड्या तीनच.

मोगरा (30) : अर्धा इंची पांढरी रिबन दहा सेंटिमीटर. मधोमध सैल गाठ मारा, दोन्ही टोके खाली घेऊन पातळ तारेने बांधा. गाठ हीच मोगऱ्याची कळी. कन्नडात मोगऱ्याला मल्लिगे म्हणतात, आणि मावशीच्या मते मल्लिगेशिवाय लग्नाचे फूल नाही, मग ते चर्चमधले का असेना. तीन-तीन कळ्यांचे दहा झुबके करा.

पाने (20) : हिरवी रिबन दहा सेंटिमीटर. मध्यावरून दोन्ही बाजू खाली दुमडल्या की वर टोक येते. बुडाशी चुण्या घालून शिवा, तार लावा.

कड बंद करणे : प्रत्येक कापलेली कड ज्योतीच्या खालच्या निळसर भागाजवळून पटकन फिरवावी. ज्योतीच्या टोकाशी धरली तर काजळी बसते. पांढऱ्या रिबनीचे चार तुकडे मी असेच काळे केले. वितळलेल्या पॉलिएस्टरचा थेंब कातडीला चिकटतो आणि सहज निघत नाही. तेव्हा वेणी आणि ओढणी मागे बांधावी, पंखा बंद ठेवावा आणि पाण्याची वाटी जवळ घ्यावी.

बांधणी : मध्ये एक गुलाब, भोवती पाच, त्याभोवती नऊ. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा बोटभर खाली, म्हणजे घुमटासारखा आकार येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमध्ये कळ्या आणि मोगऱ्याचे झुबके, सर्वांत बाहेर पाने. नवीन देठ लावताना तो नेहमी एकाच बाजूला तिरका लावावा. मग देठ एकमेकांत अडकत नाहीत आणि गुच्छ हातात फिरवला तरी विस्कटत नाही. फुलांपासून चार बोटे खाली दोऱ्याने आवळावे. मूठ वीतभर ठेवून बाकीच्या तारा कापाव्या, टोकांना कापूस लावून पट्टी गुंडाळावी. वर दीड इंची रिबन खालून वर गुंडाळत यावे. टाचण्या देठाच्या दिशेने, वरच्या बाजूला तिरक्या खोचाव्या. आडव्या खोचल्या तर टोक पलीकडे निघते आणि नवरीच्या तळहाताला लागते. शेवटी उरलेल्या मोतिया रिबनीचा फुगा बांधावा.

किंमत

गुच्छ तयार झाला त्या रात्री मी परिव्यय लेखांकनाची वही काढली. परीक्षेला आम्ही कारखान्यांची परिव्यय पत्रके लिहितो. सामग्री, श्रम, इतर खर्च, एवढे रकाने पाठ असतात. मनात आले, या गुच्छाचे पत्रक लिहून पाहावे.

सामग्री : पाच रिळांचे 240 रुपये (मोतिया 140, गुलाबी आणि हिरवी मिळून 80, पांढरी 20), तार 60, पट्टी 40, दोरा आणि मोती 45, टाचण्या 15. एकूण 400. यातून शिल्लक रिबन वजा करायला हवी, कारण ती पुढच्या कामाला येईल. मोतिया तीन मीटर, गुलाबी साडेपाच, हिरवी आठ आणि पांढरी सात मीटर उरली. तिची किंमत 89 रुपये. म्हणजे लागलेली सामग्री 311 रुपये.

इतर खर्च : मेणबत्ती आणि काडेपेटी 9 रुपये. बसभाडे मावशीचे शून्य, कारण 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात महिलांना साध्या आणि एक्सप्रेस बसने मोफत जाता येते. माझे ओळखपत्र भालकीचे, म्हणून माझे जाण्यायेण्याचे 40. एकूण 49.

सामग्री आणि इतर खर्च मिळून 360 रुपये झाले.

आता श्रमाचा रकाना. "मावशी, किती वेळ लागला?" असे विचारले तर ती म्हणाली, "वेळ कसला? जेवणंखाणं आटपून बसल्या बसल्या केलंय." पण मी घड्याळ पाहिले होते. पंधरा गुलाब प्रत्येकी बारा मिनिटे, म्हणजे तीन तास. कळ्या एक तास, मोगरा एक तास, पाने एक तास. कापणे आणि कडा बंद करणे एक तास. बांधणी दीड तास. झाले साडेआठ. बाजारात गेलेले अडीच तास धरले की अकरा.

पाचशे रुपयांतून 360 वजा जाता 140 उरतात. त्याला अकराने भागले. तासाला बारा रुपये त्र्याहत्तर पैसे.

मी दोनदा भागाकार करून पाहिला. गल्लीतल्या लहान मुलांची शिकवणी घेते तिचे मला तासाला 80 रुपये मिळतात, आणि मला विशेष काही येते असेही नाही. मावशीचे श्रम त्याच दराने धरले तर 880 रुपये होतात, आणि गुच्छाची किंमत 1240.

मी मावशीला आकडे दाखवले. ती हसली आणि कन्नडात म्हणाली, "हूविगे एंथा कूली?" फुलांना कसली मजुरी?

हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही

गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रातील नरसापूरला क्रोशाची लेस होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती तिथे आणली आणि हजारो बायकांच्या हाती ती रुजली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या बायकांचा अभ्यास करून 1982 साली 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : ही लेस परदेशी जात होती, व्यापारी तिच्यावर मोठे झाले, पण विणणाऱ्या बायकांना कामगार कुणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. काम फावल्या वेळचे ठरले की मजुरीही फावल्या वेळची ठरते.

विलायतेतही वेगळे नव्हते. व्हिक्टोरिया राणीच्या 10 फेब्रुवारी 1840 च्या विवाहाचे वर्णन आले की तिचा पांढरा सॅटिनचा पोशाख आणि संत्र्याच्या फुलांचे शिरोभूषण यांचा उल्लेख हमखास येतो. त्या पोशाखाची लेस डेव्हन परगण्यातल्या कारागीर बायकांनी हाताने विणली होती. राणीचे नाव आपण जाणतो, त्या बायांची नावे सहसा कुठे येत नाहीत.

आपल्या कायद्याने मात्र एक पाऊल टाकले आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून दुसऱ्यासाठी मोबदल्यावर काम करणाऱ्या व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या दिली आहे, मग कच्चा माल मालकाचा असो वा तिचा स्वतःचा. दुकानासाठी डझनावर फुले करणारी मावशी या व्याख्येत बसते. मी तिला तसे सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली नाही. "म्हणजे मी कामगार?" एवढेच तिने विचारले.

पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी ताई गुच्छ न्यायला आली. माझे पत्रक टेबलावर होते, ते तिने वाचले. तिचा चेहरा उतरला. "काकू, मी पाचशेला हो म्हटलं, मला माहीतच नव्हतं," असे म्हणून ती पूर्ण 1240 देऊ लागली. मला वाटले, झाले, मी दोघींच्या मध्ये उगीच हिशेब आणला. घरोब्यात वही उघडू नये म्हणतात ते हेच.

पण मावशीने पत्रक हातात घेतले आणि 360 च्या आकड्यावर बोट ठेवले. "एवढे दे. हे दुकानदाराचे गेलेत. बाकीचे आठशे ऐंशी माझा आहेर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजवर मी लोकांना किती आहेर केले, ते मला माहीतच नव्हतं बघ."

मी वाणिज्य शाखेची, म्हणून माझ्या मनात होते की किंमत काढली की ती वसूल करायची. मावशीने मला दुसरे काही दाखवले. पाचशे रुपयांत ती पुष्कळसे फुकट देत होती आणि ते दिले आहे हे ना तिला ठाऊक होते ना घेणारीला. आता तिने त्याहून अधिक दिले, पण मोजून दिले, आणि घेणारीनेही जाणून घेतले. न मोजता जे जाते त्याला देणे म्हणता येत नाही. ते नुसते जाते.

दुकानाची गोष्ट निराळी. तिथे आहेराचा प्रश्न नाही. दुकान रिबन देते आणि लहान गुलाबांच्या डझनामागे 36 रुपये देत असे. एका डझनाला 72 मिनिटे लागतात, म्हणजे तासाला 30 रुपये. जूनमध्ये मावशीने मला हिशेब स्वच्छ अक्षरात लिहून मागितला आणि एकटीच दुकानात गेली. तिने 60 मागितले. दुकानदार म्हणाले, काम करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. अर्ध्या तासाने 45 वर सौदा ठरला. तासाला साडेसदतीस रुपये. माझ्या शिकवणीच्या निम्मेही नाहीत. मोठा विजय झाला असे मी म्हणणार नाही. पण परत आल्यावर मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत काही लिहिले. मी जाऊन पाहिले, तर "2 डझन, 2 तास 24 मिनिटे." तेव्हापासून ती रोज लिहिते.

कन्नडात एक म्हण आहे : हूविनिंद नारू स्वर्गक्के. फुलांच्या संगतीने हार गुंफण्याचा वाखही स्वर्गाला जातो. म्हण चांगल्या संगतीचा महिमा सांगते. मला मात्र ती आता जराशी वेगळी ऐकू येते. वाख होता म्हणून फुले एकत्र राहिली, हेही कुणी सांगायला हवे होते.

असो. ताईचे लग्न उत्तम पार पडले. त्या दिवशी ऊन कडक होते. चर्चच्या दारातली खरी फुले दुपारी कोमेजली, गुच्छ मात्र होता तसा राहिला. आता तो तिच्या घरी काचेच्या पेटीत आहे. गुच्छाला ऊन आणि धूळ लागू देऊ नये, पाण्याने धुऊ नये, मऊ कुंचल्याने झाडावे.

मैत्रिणींनो, आणि मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणीतरी शिवते, विणते, पापड लाटते, फुले करते. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही न्या. पानावर तीन रकाने आखा : सामग्री, इतर खर्च, श्रम. पहिले दोन रकाने ती स्वतःच सांगेल. तिसऱ्यासाठी तुम्हाला घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसावे लागेल. त्या वेळात हात मोकळे असतील, तेव्हा एखादे फूल करायला शिका.